डॉ. नारळीकरांकडून मंडळीने काय शिकावे?



थोर गणिती आणि खगोल-भौतिकशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर पुष्कळ लिहून आले. आपल्या मंडळ्यांत मात्र त्यांचे नाव क्वचितच निघते. निघालेच तर "ते विज्ञानवाले, आपला काय संबंध?" असे म्हणून विषय संपतो. आम्हांला वाटते की संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. डॉ. नारळीकर आपल्या मंडळीतले नव्हते. मागाहून त्यांना ओढून आपल्या बाकावर बसवणे योग्य नाही, आणि तसा आमचा हेतूही नाही. परंतु खरे काय हे कसे ओळखावे, याविषयी त्यांनी आयुष्यभर जे सांगितले, त्याची आपल्याला आज गरज आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: देवाच्या नावाने किंवा नशिबाच्या नावाने उभे केलेले खोटे आधार काढून टाकल्याने विश्वासाचे नुकसान होत नाही. उलट ती शेजाऱ्यावरील प्रीतीची सेवा आहे. खोट्या आधाराचा भार शेवटी नेहमी दुबळ्याच्याच खांद्यावर पडतो.

माणूस कसा होता

कोल्हापूर येथे १९ जुलै १९३८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर काशीच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. काशीहून जयंतराव केंब्रिजला गेले, तिथे गणिताच्या परीक्षेत पहिले आले आणि फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधनाला लागले. १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली.

त्यांचा स्वभाव दाखवणारी एक गोष्ट पाहा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी हे नाव तयार केले होते. परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, तर कथा वाचून निकाल द्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. ज्याला खरी परीक्षा हवी असते, तो आपल्या मोठेपणाचा शिक्का आधी बाजूला काढून ठेवतो.

पत्रिकेची परीक्षा

आता पांडेसऱ्याकडे येऊ. आपण बहुतेक जण धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटासाठी इथे आलो. कोणी डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये आहे, कोणी लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करतो, कोणाच्या घरी बाया साडीला टिकल्या लावतात. आपल्या भोवती ग्रहांचे भय भरपूर आहे. मुलीला मंगळ आहे, मुलाची साडेसाती चालू आहे, अमावस्येला नवे काम नको. येशूला प्रभू मानणाऱ्या घरांतही हे भय मागच्या दाराने येते. लग्न ठरवताना समोरच्या घरचे पत्रिका मागतात आणि आपलेही कोणी म्हणते, "बघून घेतली तर काय बिघडते?"

काय बिघडते, हे डॉ. नारळीकरांनी प्रयोगाने दाखवले. २००८ साली त्यांनी, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मिळून एक चाचणी घेतली. शाळेत हुशार ठरलेल्या १०० मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या शाळांतील १०० मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. कोणती पत्रिका कोणाची हे गुप्त ठेवले. ज्या ज्योतिष्यांनी भाग घेतला, त्या प्रत्येकाला ४० पत्रिका पाठवल्या आणि विचारले, की यातले मूल हुशार आहे की मतिमंद, एवढेच सांगा. ५१ जणांना पत्रिका गेल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून उत्तर दिले तरी ४० पैकी साधारण २० बरोबर येतात. सर्वांत चांगला निकाल होता २४, आणि सर्वांची सरासरी नाण्यापेक्षाही कमी.

या प्रयोगात कोणाची टिंगल नव्हती. ज्योतिष्यांना शिव्या दिल्या नाहीत, त्यांना संधी दिली. तुम्ही म्हणता ते खरे असेल तर ते दिसेल, इतके साधे हे म्हणणे होते.

आपल्या मंडळीच्या इतिहासात अशीच परीक्षा सोळाशे वर्षांपूर्वी झाली आहे. संत ऑगस्टीन तरुणपणी ज्योतिष्यांकडे जात असत. पुढे फर्मिनस नावाच्या मित्राने त्यांना आपल्या जन्माची हकिकत सांगितली. फर्मिनसचे वडील आणि वडिलांचा एक मित्र, दोघांनाही ग्रह पाहण्याचे भारी वेड. फर्मिनसच्या आईचे दिवस भरत आले, त्याच वेळी त्या मित्राच्या घरची एक गुलाम स्त्रीही गरोदर होती. दोन्ही घरांत मूल एकाच क्षणी जन्मले. खबर द्यायला दोन्हीकडून निघालेली माणसे बरोबर अर्ध्या वाटेवर भेटली. पत्रिका एक, पण फर्मिनस धनवानाच्या घरी मानाने वाढला आणि ते दुसरे मूल गुलामच राहिले. ऑगस्टीनच्या मनातला ज्योतिषाचा उरलासुरला विश्वास तिथे गळून पडला. त्यांनी याकोब आणि एसाव या जुळ्यांचीही आठवण करून दिली. एकाच वेळेचा जन्म, आणि आयुष्ये किती निराळी!

आजही शहरातल्या एखाद्या इस्पितळात एकाच घटकेला दोन बाळे जन्मतात, एक मिलमालकाचे आणि एक त्याच मिलमध्ये कापडाची घडी घालणाऱ्या कामगाराचे. त्यांच्या वाटा वेगळ्या होतात त्या मजुरीमुळे, शाळेमुळे, दूषित पाण्यामुळे आणि आजारपणामुळे. ग्रहांवर बोट दाखवले, की या सगळ्याकडे पाहायचे राहून जाते.

त्या शंभर मुलांच्या आया

या प्रयोगाची चर्चा होते तेव्हा लोक ज्योतिषाबद्दल बोलतात. आम्हांला मात्र त्यातल्या त्या शंभर मुलांच्या आया आठवतात.

घरभेटींना जाणारे स्वयंसेवक म्हणून आम्ही अशी घरे पाहतो. मूल उशिरा बोलते, किंवा बोलतच नाही. शेजारी सांगतात की ग्रहदोष आहे, शांत करा, आणि मग पगारातून शांतीचे पैसे जातात. ते जमले नाही तर "आईनेच ग्रहणात काही चिरले असेल" असे म्हणून बोट आईकडे वळते. इतके सोसून ती प्रभूच्या मंदिरात येते, आणि इथे काय ऐकते? "बाई, घरात कुठेतरी पाप लपले असेल." किंवा "तुमचा विश्वास कमी पडतो, नाहीतर लेकरू बरे झाले असते."

प्रियांनो, विचार करा. बाहेर ग्रहाचा दोष आणि आत पापाचा दोष. दोन्हीकडे ती माऊलीच आरोपीच्या पिंजऱ्यात.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध मनुष्याविषयी प्रभूला हेच विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. त्या प्रश्नाचा पायाच त्याने काढून घेतला आणि मग त्या मनुष्याच्या डोळ्यांना स्वतः हात लावला. डॉ. नारळीकरांच्या प्रयोगाने त्या आयांच्या डोक्यावरून ग्रहांचे ओझे उतरवले. आपण, जे येशूचे नाव घेतो, त्यांनी दुसरे ओझेही उतरवले पाहिजे. ग्रहांना दोष देणे सोडून त्याच जागी पाप नेऊन बसवले, तर आपण काय मिळवले?

कोणी म्हणेल, मागी लोक तर तारा पाहूनच बेथलेहेमला आले. होय, आले. पण मत्तयाचे दुसरे अध्याय नीट वाचा. ताऱ्याने त्यांना कोणाचे भविष्य सांगितले नाही, कोणाचे लग्न मोडले नाही. ते आले आणि बाळापुढे गुडघे टेकून नमन केले. यिर्मया दहाव्या अध्यायात आकाशातील चिन्हांना घाबरू नका असे बजावतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र चौथ्या दिवशी निर्माण होतात, आणि तिथे त्यांना ज्योती म्हटले आहे. भोवतालची राष्ट्रे ज्यांना दैवत मानत, त्यांना शास्त्राने दिवा लावण्याचे काम दिले. दिव्याला कोणी घाबरते का?

आपल्या बाजूचे खोटे पुरावे

इथवर वाचून आपल्याला बरे वाटत असेल, कारण दोष दुसऱ्यांचा निघाला. आता तीच कसोटी आपल्याला लावू.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप दर वर्षी फिरतो: नासाच्या संगणकाने यहोशवाच्या काळातला हरवलेला दिवस शोधून काढला! ही गोष्ट पन्नास वर्षांहून जुनी आहे आणि ती खरी नाही. नासाने असे काही शोधलेले नाही. तरीही आपण "आमेन" लिहून ती पुढे ढकलतो. आपल्यातला अकरावी सायन्सचा मुलगा ते वाचतो, शोधून पाहतो आणि गप्प बसतो. त्याला वाटते, हे खोटे असेल तर रविवारी जे सांगतात तेही असेच असेल. पुढच्या रविवारी तो येत नाही, आणि आपण म्हणतो, "शिकल्याने पोरे बिघडली."

संत ऑगस्टीनने उत्पत्तीवर लिहिताना नेमका हाच इशारा दिला होता. आकाश, तारे, पृथ्वी यांविषयी ज्यांना खरी माहिती आहे, त्यांच्यासमोर ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने अडाणी बोलणे केले, तर पुनरुत्थानाविषयीचे त्याचे बोलणे ते का ऐकतील?

आता विश्वाच्या आरंभाचा प्रश्न घेऊ. "बिग बँग म्हणजेच उत्पत्ती एक, विज्ञानाने देव सिद्ध केला," असे आपण उत्साहाने सांगतो. डॉ. नारळीकर नेमके या सिद्धांताच्या विरोधात उभे होते. त्यांचे म्हणणे असे होते, की आरंभाच्या त्या क्षणी पदार्थविज्ञानाचे नियमच लागू पडत नाहीत, आणि ज्याची परीक्षा करता येत नाही त्यावर विज्ञानाने भिस्त ठेवू नये. बहुतेक शास्त्रज्ञ मानतात म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हेही ते सांगत. १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत पर्यायी सिद्धांत मांडला. त्यात विश्वाला एकच एक आरंभ नाही, ते फुगत आणि आक्रसत चालत राहते. आजचे बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नाहीत, कारण १९६५ मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणासारखे पुरावे महास्फोटाच्या बाजूने पडतात. पण समजा, उद्या नारळीकरच बरोबर ठरले, तर आपला देव हरला का?

याचे उत्तर एका धर्मगुरूने दिले आहे. विश्व एका आदिअणूपासून सुरू झाले, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे ज्यॉर्ज लमेत्र बेल्जियमचे गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि १९२३ मध्ये दीक्षा घेतलेले कॅथलिक फादरही होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या विज्ञानाचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा फादर लमेत्र आनंदाने उड्या मारत सुटले नाहीत. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, श्रद्धावान आणि नास्तिक दोघेही तो तपासू शकतात, असे ते सांगत राहिले. पोपनीही पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांसमोर बोलताना तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

म्हणजे पाहा, विश्वाला आरंभ आहे असे मांडणारा फादर, आणि तसे नाही म्हणणारे आपले मराठी नारळीकर, दोघे एका बाबतीत एकच सांगतात: विज्ञानाचे काम विज्ञानाला करू द्या, त्यावर आपला झेंडा लावू नका.

यापूर्वी कितीतरी शतके थॉमस अक्वायनस यांनी शिकवले होते, की विश्वाला आरंभ होता हे आपण विश्वासाने स्वीकारतो, ते तर्काने सिद्ध करता येत नाही, आणि विश्व अनादि असते तरी ते देवावरच अवलंबून असते. लूमच्या खात्यात पाहा. मुख्य बटण सकाळी कोणी दाबले, एवढ्यावर कापड विणले जात नाही. वीज क्षणोक्षणी यावी लागते. ती गेली की सगळे सांचे एकदम थांबतात. देव निर्माता आहे याचा अर्थ त्याने फार पूर्वी कधीतरी एक बटण दाबले इतकाच नव्हे. आपला पुढचा श्वासही त्याच्या हातून येतो. हे कोणत्याही दुर्बिणीत दिसणार नाही, आणि म्हणून कोणतीही दुर्बीण ते खोटेही पाडणार नाही.

दाखला आणि पुरावा

डॉ. नारळीकरांना माखचे तत्त्व फार महत्त्वाचे वाटे. रिक्षाने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, कारण वस्तू आपली गती सोडायला तयार नसते. या गुणाला जडत्व म्हणतात. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट माख यांच्या विचारानुसार हे जडत्व वस्तूचे एकटीचे नाही. विश्वातल्या दूरदूरच्या सर्व पदार्थांशी असलेल्या नात्यातून ते येते. हॉइल आणि नारळीकरांच्या १९६४ च्या सिद्धांतात हाच विचार गणितात उतरवला होता.

हे वाचून प्रवचनकाराला मोह होतो. पहिल्या करिंथ पत्राचा बारावा अध्याय लगेच आठवतो, एक अवयव दुखला तर सारे शरीर दुखते तो. दाखला म्हणून हे खुशाल सांगा. पण "पौल जे म्हणाला ते विज्ञानाने सिद्ध केले" असे म्हणू नका. दाखल्याने मन उघडते, पुराव्याला मात्र परीक्षा द्यावी लागते. दोन्हींची गल्लत करणे हाच खोटेपणाचा आरंभ आहे.

आम्ही कुठे थांबतो

डॉ. नारळीकरांच्या मार्गाने सर्व काही कळते असे मात्र आम्हांला वाटत नाही. त्यांच्या चाचणीने एवढे दाखवले, की हुशार आणि मतिमंद यांतला फरक पत्रिकेत दिसत नाही. पण या दोन मुलांची किंमत सारखीच आहे, हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. ते आपण क्रूसाजवळ शिकलो. चाचणी भीती घालवते, पण रात्री तीन वाजता जाग्या असलेल्या त्या आईजवळ बसायला कोणीतरी माणूस लागतो. तिथे मंडळीचे काम सुरू होते.

पण तिथे जायचे तर हात स्वच्छ हवेत. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल सर्व गोष्टींची पारख करून चांगले ते धरून ठेवायला सांगतो. बिरुयाचे लोक तर खुद्द पौलाचे बोलणे रोज शास्त्रात तपासून पाहत, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची स्तुती आहे. आपल्या डाइंग मिलमध्ये पूर्ण लॉट टाकण्याआधी नमुना काढून शेड जुळवतात. त्याने कोणा मास्टरचा अपमान होत नाही. न तपासता लॉट टाकला तर मात्र सगळे कापड वाया जाते.

आता काय करावे

एक. डॉ. नारळीकरांकडे मुले सही मागायला येत, तेव्हा ते म्हणत, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, मी सहीनिशी उत्तर पाठवीन. आपल्या संडे स्कूलमध्ये आणि तरुण संघात प्रश्नांची पेटी ठेवू या. "असे विचारू नये" हे उत्तर बंद करू या. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगून पुढच्या रविवारी शोधून आणू या.

दोन. खरे आहे की नाही हे न पाहता चमत्काराचा आणि विज्ञानाचा कोणताही निरोप पुढे पाठवू नये. "अकरा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल" हीसुद्धा आपली साडेसातीच आहे. डोळे मिटून बायबल उघडायचे, बोट ठेवायचे आणि त्या वचनावरून नोकरीचा निर्णय घ्यायचा, हीही पत्रिकाच.

तीन. लग्न ठरवताना पत्रिका न बघता रक्ताची तपासणी, व्यसन, कर्ज आणि मुलीची इच्छा या गोष्टी विचारू या. त्यांतून खरी माहिती मिळते.

चार. ज्या घरात विशेष मूल आहे, तिथे महिला संघाने या महिन्यात जावे. पापाची चौकशी करू नये, बरे करण्याचे वचन देऊ नये. दोन तास मूल सांभाळावे आणि आईला झोपू द्यावे.

सत्याच्या देवा, आम्ही तुझ्या नावाने जे खोटे बोललो ते आमच्या ओठांवरून काढून टाक. ज्यांच्यावर आम्ही दोष लादले त्यांचे ओझे उचलायला आम्हांला हात दे. आमच्या लेकरांचे प्रश्न ऐकण्याइतका आमचा विश्वास मोठा कर. येशूच्या नावात मागतो. आमेन.